प्लग काढला की रोग जातो

मैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या त्या कल्याणमंटपात लग्नाला चारशे माणसं बसतात. त्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तिथं हजारभर माणसं कोंबली होती. म्हाताऱ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्यांसकट उचलून पुढे आणलं होतं आणि आजारी मुलं आयांच्या मांडीवर होती. व्यासपीठावर एरवी जिथं नवरानवरी बसतात तिथं एक टेबल होतं. टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. मॉनिटरला गंध लावलं होतं. माउसलाही लावलं होतं, त्यामुळे तो अडखळत चालत होता.

मी गंमत बघायला गेलो होतो. माझं नाव त्र्यंबकराव. आम्ही इथले जुने मराठी. पणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, मी हूटगळ्ळीच्या बसथांब्यासमोर औषधांचं दुकान चालवतो. माणसं किती सहज फसतात हे बघायला मला पहिल्यापासून आवडतं. हा गुण नाही हे मला आता कळलंय, पण त्या गुरुवारी मी अगदी मजेत होतो.

टेबलामागे बसले होते हणेबरहस्वामी. हणेबरह म्हणजे कन्नडात कपाळावर लिहिलेलं, आपण विधिलिखित म्हणतो ते. वय पंचेचाळीसच्या आसपास, दाढी कोरलेली, हातात स्मार्टवॉच. महिन्याभरात हुणसूर रस्त्यापासून वरुणापर्यंत त्यांचं नाव झालं होतं.

"ब्रह्मदेवानं तुमच्या हणेवर लिहिलं," स्वामी माइकमधून म्हणाले. ते कन्नड बोलत, मधेच आमच्यासारख्यांसाठी मराठीत येत. "लिहिलं म्हणजे काय? डेटा. आणि डेटा पुसता येतो, अल्लवा, हो ना?"

"हौदु," लोक म्हणाले. हौदु म्हणजे हो.

"डॉक्टर काय करतो? तुमचा रोग वाचतो. वाचून गोळी देतो. पुसतो का? नाही पुसत. का पुसत नाही? पासवर्ड त्याच्याकडं नाही."

लोक हसले. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं.

मग चमत्कार सुरू झाला. रोगी वर जाई. स्वामींचा माणूस त्याचं नाव कॉम्प्युटरवर 'भक्तनामावली' नावाच्या कप्प्यात लिही. मग 'रोगपत्र' नावाच्या दुसऱ्या कप्प्यात रोगी स्वतःच्या हातानं आपला रोग लिही. फाईल सेव्ह करायची, बंद करायची, परत उघडून बघायची. सगळं मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं मोठं दिसत होतं, लपवाछपवी काही नाही. मग स्वामी डोळे मिटत, कापूर पेटे, आणि स्वामी स्वतःच्या हातानं भिंतीतला प्लग उपटत. अंधारलेल्या पडद्यासमोर हजार माणसं नामस्मरण करत. प्लग परत लावायचा. ते म्हातारं मशीन कुरकुरत चार मिनिटांनी जागं होई. भक्तनामावली उघडायची, तर नाव जागच्या जागी. रोगपत्र उघडायचं, तर कप्पा रिकामा.

"नाव राहिलं, रोग गेला," स्वामी म्हणत. "ज्याला ठेवायचं त्याला ठेवलं, ज्याला पुसायचं त्याला पुसलं. करंट गेल्यावर फाईल जाते तर नाव का राहिलं? विचारा तुमच्या इंजिनियरला."

आणि इंजिनियर होता की. पहिल्या रांगेत प्रद्युम्न बसला होता, आमच्याच लोकांतला, चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या हातात माइक दिला गेला. तो घसा खाकरून म्हणाला, "मी स्वतः चेक केलंय. फाईल सेव्ह झाली होती. बंद करून परत उघडली होती. अशी फाईल प्लग काढल्यावर जात नाही. सायन्समध्ये ह्याला उत्तर नाही."

अडाणी माणसाला फाईल गेली काय नि राहिली काय, काहीच वाटलं नसतं. सेव्ह केलेली फाईल जात नाही हे ज्याला पक्कं माहीत, त्यालाच हा चमत्कार दिसतो. मैसूरच्या त्या टोकाला तर घरटी एक कॉम्प्युटरवाला. स्वामींनी गाव बरोबर निवडलं होतं.

त्या दिवशीची शेवटची रोगी तुंगा होती. बारा वर्षांची. माझ्याच गिऱ्हाइकाची, गंगाधररावांची मुलगी. गंगाधरराव कारखान्यात सुपरवायझर, बायको भवानीबाई, ही एकुलती एक. नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. ह्यात अंगात इन्शुलिन तयार होणंच थांबतं. मग दिवसातून चार सुया, रोज, कायमच्या. भवानीबाईंनी तीन वर्षं त्या पोरीला चार-चार वेळा टोचलं होतं आणि दर वेळी तोंड फिरवून डोळे पुसले होते. हे मला माहीत होतं, कारण पहिली सुई कशी द्यायची ते मीच दुकानात शिकवलं होतं.

तुंगानं ठसठशीत अक्षरांत टाइप केलं: मधुमेह. प्लग निघाला, प्लग लागला, कप्पा रिकामा. भवानीबाई खाली बसून हुंदके देऊ लागल्या. आमच्या घरांत अजूनही बाळंतपणाच्या सहाव्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. त्यांनीही तो ठेवला होता. सटवाईनं काय लिहून ठेवलं हे त्यांना तीन वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि आता ते भिंतीएवढ्या अक्षरांत आलेलं आणि गेलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

"आता सुई बेड," स्वामी त्यांना म्हणाले. बेड म्हणजे नको. "औषध घेतलं की रोग परत लिहिला जातो. दोन-तीन दिवस त्रास होईल. ते लिहिलेलं खरवडून निघत असतं. घाबरून डॉक्टरकडं पळालात तर माझा दोष नाही."

मी घरी आलो आणि जेवताना बायकोला सगळी नक्कल करून दाखवली. आम्ही पोट धरून हसलो.

शुक्रवारी सकाळी गंगाधरराव दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत इन्शुलिनच्या तीन न फोडलेल्या बाटल्या.

"त्र्यंबकराव, हे परत घ्या की. सोमवारीच नेलेलं. आता लागत नाही."

काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "फ्रिजमधलं औषध परत घेत नाही हो आम्ही. तो नियमच आहे." मग जरा आवाज खाली आणून म्हणालो, "गंगाधरराव, सुई बंद करू नका. डॉक्टरना विचारा एकदा."

ते हसले. रागानं नाही, कीव केल्यासारखे. "तुम्ही असंच म्हणणार की. विकणारे तुम्ही. सुम्ने कशाला वाद, उगाच."

मागचं गिऱ्हाईक खुसकन हसलं. माझे कान तापले. मला म्हणता आलं असतं की ती पोर तीन दिवसांत मरेल. मला ते पक्कं माहीत होतं, त्याचं शिक्षण घेऊन मी तिथं उभा होतो. पण चार लोकांसमोर मला कुणी हावरा म्हणालं होतं. मी म्हणालो, "तुमची मर्जी," आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली. गंगाधररावांनी बाटल्या काउंटरवरच सोडल्या. मी त्या उचलून फ्रिजमध्ये ठेवल्या, औषध खराब होऊ नये म्हणून.

शनिवारी दुपारी एक वाजता श्रीविद्या मिस दुकानात आल्या. तुंगाच्या शाळेत त्या कॉम्प्युटर शिकवतात. मूळच्या साताऱ्याच्या, लग्न होऊन मैसूरला आलेल्या. तुंगाची दुपारची सुई शाळेच्या स्टाफरूममधल्या फ्रिजात असे आणि ती मिसच देत. त्यांच्या हातातल्या थर्मासमध्ये तीच बाटली होती.

"काल म्हणाली, मला आता नको. दिवसभर पाणी पीत होती, दर तासाला बाथरूमला जात होती. मी घरी फोन केला, तर आई म्हणाल्या डॉक्टरांनी औषध बदललंय. आज ती शाळेतच नाही. कोणतं औषध दिलंय तुम्ही?"

मी सांगितलं. कॉम्प्युटर, प्लग, रिकामा कप्पा, सगळं. नक्कल केली नाही.

श्रीविद्या मिस मधेच म्हणाल्या, "रीस्टार्ट केल्यावर गेलं? आणि एकच कप्पा राहिला?"

"हो."

"आमच्या लॅबमध्ये रोज जातं. मुलं काय वाटेल ते करून ठेवतात, म्हणून मीच तशी सोय करून घेतलीय. संध्याकाळी बंद केलं की सकाळी मशीन पहिल्या दिवसासारखं." त्यांनी थर्मास उचलला. "हे नंतर. आधी घरी चला."

घराचं दार भवानीबाईंनी अर्धंच उघडलं. त्या फटीतून तुंगा दिसली. दिवाणावर पडली होती, बाजूला बादली. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, खोल आणि भराभर. खोलीत कुजक्या फळांचा वास भरला होता. तो वास माझ्या ओळखीचा होता. अंगाला साखर वापरता येईनाशी झाली की शरीर चरबी जाळू लागतं, त्याचं विष रक्तात साचतं, आणि श्वासाला तसा वास येतो.

"खरवडून निघतंय," भवानीबाई म्हणाल्या. "स्वामींनी सांगितलेलं तसंच होतंय बघा. परवापर्यंत आयतु, संपेल सगळं. तुम्ही सुई घेऊन आत येऊ नका, मी हात जोडते."

मी तिथूनच १०८ ला फोन केला. गाडी वीस मिनिटांत आली. गंगाधररावांनी फाटकातच ड्रायव्हरला सांगितलं, पोटाचं आहे, उतरलंय, आणि गाडी परत पाठवली. मी ओरडलो तेव्हा त्यांनी माझी कॉलर धरली. श्रीविद्या मिस मधे पडल्या.

"काका, कशानं पटेल तुम्हाला?"

गंगाधरराव विचारात पडले. रागीट माणूस नाही तो, साधा आहे. त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्याला वाटत होतं की डोळ्यांनी बघितल्यावर विषय संपला. "स्वामींची सभा आहे आत्ता तीन वाजता. त्यांच्या तोंडावर खोटं करून दाखवा. मग मी माझ्या हातानं सुई देतो."

घड्याळात सव्वादोन झाले होते.

मंटपात गुरुवारच्या दीडपट गर्दी. स्वामी साडेतीनला आले, त्यानंतर आरती. आम्ही पुढे जाऊन बसलो. रोगपत्र लिहायला कोण येतं, असं विचारल्याबरोबर श्रीविद्या मिस उठल्या आणि व्यासपीठावर गेल्या. गंगाधरराव खाली पहिल्या रांगेपाशी उभे राहिले, हात जोडलेले.

"काय रोग, अम्मा?" स्वामींनी विचारलं.

"लिहिते ना," मिस म्हणाल्या, आणि टाइप केलं: तुंगा पूर्ण बरी आहे.

भिंतीवर ती अक्षरं आली. त्यांनी सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं, सगळ्यांना दाखवलं.

"हे रोगपत्र नाही," स्वामी म्हणाले. "हा आशीर्वाद आहे. आशीर्वाद पुसत नाहीत."

"मग तो राहीलच," मिस म्हणाल्या. वाकून त्यांनी प्लग उपटला. कापूर नाही, मंत्र नाही. स्वयंसेवक धावले, पण तेवढ्यात प्लग परत लागलाही होता.

चार मिनिटं मशीन कुरकुरत राहिलं. रोगपत्राचा कप्पा उघडला. रिकामा.

"तुमच्या मुलीचं बरेपणसुद्धा गेलं," मिस गंगाधररावांकडे बघत माइकमधून म्हणाल्या. "स्वामींनी हेही पुसलं का? की ह्या मशीनला रोग आणि बरेपण ह्यातलं काही कळतच नाही?"

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. स्वामी हसले. गडी मुरलेला होता. "अम्मा, देवानं तो वर घेतला. तुमचा आशीर्वाद आता क्लाउडमध्ये आहे."

काही लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला वाटलं, हरलो.

मिसनी पुन्हा कीबोर्ड ओढला. ह्या वेळी त्यांनी लिहिलं: तुंगा, मधुमेह. पण फाईल रोगपत्रात ठेवली नाही. भक्तनामावलीच्या कप्प्यात ठेवली. स्वामींचा हात माउसकडे गेला, तो मिसनी बाजूला केला.

"आता पुसा," त्या म्हणाल्या. "तुमचाच कॉम्प्युटर, तुमचाच मंत्र, तुमचाच प्लग."

"तो कप्पा नावांचा आहे."

"देवाला कप्प्याची अडचण येते का?"

स्वामी उठायला लागले तेव्हा गंगाधररावच व्यासपीठावर चढले. त्यांनी स्वामींचे पाय धरले. "स्वामी, पुसा. एकदा पुसून दाखवा ह्या बाईंना. माझी पोर घरी आहे." त्यांच्या आवाजानं सगळी सभा पुढे सरकली. आता स्वामींना जाता येईना.

प्लग निघाला, प्लग लागला. चार मिनिटं. कप्पा उघडला: तुंगा, मधुमेह.

"परत," गंगाधरराव म्हणाले. "कापूर कमी पडला असेल."

परत चार मिनिटं. परत तेच दोन शब्द.

"परत, स्वामी."

मी खाली उभा होतो आणि खरं सांगतो, मला आनंद होत होता. स्वामींच्या कोरलेल्या दाढीतून घाम ओघळत होता. प्रद्युम्न मान खाली घालून मोबाईल बघत होता आणि मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. तिसऱ्यांदा ते दोन शब्द भिंतीवर आले तेव्हा मी टाळी वाजवली. बाप तिसऱ्यांदा पोरीचा रोग वाचत होता आणि मी टाळी वाजवली.

मग मिसनी सगळ्यांना ते समजावलं, शाळेत समजावतात तसं.

"कॉम्प्युटरमध्ये लिहायच्या दोन जागा असतात. एक पाटी, एक वही. पाटी म्हणजे रॅम, करंट गेला की कोरी. वही म्हणजे हार्ड डिस्क, करंट गेला तरी अक्षर तसंच. तुम्ही सेव्ह करता तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम, बहुतेक वेळा आधी पाटीवर लिहून घेते, कारण ते भरभर होतं. मग थोड्या वेळात वहीत उतरवते. ह्या मशीनमध्ये कुणीतरी मधे एक पहारेकरी प्रोग्राम बसवलाय. वहीत जायला निघालेलं सगळं तो अडवतो आणि पाटीवरच ठेवतो. तुम्ही फाईल उघडून बघता तेव्हा तो पाटी दाखवतो, म्हणून वाटतं सेव्ह झाली. सेव्ह कधी झालेलीच नव्हती. वहीपर्यंत काही पोचलंच नाही."

"मग नावं?" कुणीतरी विचारलं.

"पहारेकऱ्याला सांगता येतं की अमुक एक कप्पा अडवू नकोस, त्यातलं वहीत जाऊ दे. भक्तनामावली तसा सोडलेला कप्पा आहे. म्हणून त्यातली नावं राहतात. आत्ता मी त्यात मधुमेह लिहिला, तोही राहिला. हे सायबर कॅफेत सर्रास असतं, गिऱ्हाइकांचा कचरा राहू नये म्हणून." त्या स्वामींकडे वळल्या. "तुमचं ब्राउझिंग सेंटर होतं का हो?"

"बन्नूरला," स्वामींच्या तोंडून निघून गेलं. "आठ मशीनं होती."

आधी एकजण हसला, मग दहा, मग सगळा मंटप. मागून कुणी ओरडलं, "अरे, हा तर नरसिंहमूर्ती. बसस्टँडमागं दुकान होतं ह्याचं." मग हसणं थांबलं आणि खुर्च्या उडायला लागल्या. आदल्या क्षणापर्यंत ज्याच्या पायाचं तीर्थ घेत होते, त्याला लोक दाढी धरून खाली ओढत होते. ज्यांच्या हाताला तो लागत नव्हता, ते मॉनिटरला लाथा घालत होते. प्रद्युम्न मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता आणि शेजाऱ्याला सांगत होता की त्याला पहिल्यापासून संशय होता.

गंगाधरराव दाराकडे धावले. त्यांच्या मागे आम्ही. पण बाहेर पडता येईना. स्वामीला मारताहेत कळल्यावर रस्त्यावरची माणसं आत घुसत होती, आतली शूटिंग करायला दारातच थांबली होती. फाटकासमोर दुचाकी, त्यांच्यामागे रिक्षा, मग पोलिसांची जीप. गंगाधरराव ओरडत होते, "वाट द्या, माझी मुलगी," आणि लोक त्यांनाही मोबाईलवर घेत होते, कारण ते रडत होते. त्या दारातून बाहेर यायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

घरी पोचलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. तुंगा हाकेला ओ देत नव्हती. भवानीबाई तिच्या कपाळावर अंगारा लावून, मांडीवर डोकं घेऊन बसल्या होत्या. गंगाधररावांनी थर्मासमधली बाटली घेतली आणि कबूल केल्याप्रमाणे स्वतःच्या हातानं सुई भरली. मी त्यांना थांबवलं. आता एका सुईचं काम राहिलं नव्हतं, सलाईन आणि डॉक्टर पाहिजे होते.

इस्पितळात तरुण डॉक्टर होती. तिनं रक्त तपासलं, विचारलं, "किती वाजता आणायला हवं होतं कळतंय का तुम्हाला?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. मेंदूला सूज आली होती. तुंगा रविवारी सकाळी आठच्या सुमाराला गेली.

सात वर्षांच्या पोराला कळेल असं ते सगळं होतं. पाटी आणि वही. ते सिद्ध करण्यात आम्ही तिचे साडेतीन तास खाल्ले. दोन-अडीचलाच दार फोडून तिला उचलून नेलं असतं तर ती कदाचित जगली असती, असं डॉक्टर म्हणाली. शुक्रवारी सकाळी मी काउंटरवरून उडी मारून तिच्या बापाचा हात धरला असता तर नक्कीच जगली असती. हे डॉक्टर म्हणाली नाही, मी म्हणतो.

नरसिंहमूर्ती कोठडीत गेला. मशीन पंचनाम्यात गेलं. श्रीविद्या मिसचा एका संस्थेनं सत्कार करायचं ठरवलं होतं, त्यांनी नको म्हणून कळवलं.

पंधराव्या दिवशी भवानीबाई दुकानात आल्या. डोक्यावरून पदर, चेहरा सुकलेला. मला वाटलं शिव्या देतील. मी तयार होतो, मला त्या हव्याही होत्या.

"त्र्यंबकराव," त्या म्हणाल्या, "त्या मशीनमधी अजून लिहिलेलं आहे का हो?"

"काय?"

"त्या बाईंनी लिहिलं ते. तुंगा, मधुमेह. वहीत लिहिलं म्हणाल्या की, जात नाही असं. हे सांगत होते, स्वामींनी तीनदा पुसलं तरी गेलं नाही." त्या काउंटर धरून पुढे वाकल्या. "स्वामींनी लिहायला लावलेलं पुसलं जात होतं. ह्या बाईंनी कायमचं लिहून टाकलं. माझी पोर त्यानं गेली, अल्लवा?"

मी त्यांना स्टूल दिलं. फ्रिज उघडला आणि गंगाधररावांनी सोडलेल्या तीन बाटल्या त्यांच्यासमोर मांडल्या.

"बाई, त्या मशीनमध्ये काही लिहिलं काय आणि पुसलं काय, तुंगाच्या अंगाला ते कळायचा काही मार्ग नव्हता," मी म्हणालो. "तिच्या अंगात हे तयार होत नव्हतं. बाहेरून दिलं की ती शाळेत जात होती. गुरुवारी बंद केलं, रविवारी ती गेली. मधे दुसरं काहीच नाही. तिचा रोग कुणी लिहिलेलाच नव्हता. ब्रह्मदेवानं नाही, सटवाईनं नाही, श्रीविद्या मिसनी नाही. जे लिहिलेलंच नाही ते पुसणार कोण? ह्या सुया तीन वर्षं तुम्ही दिल्यात. तिला तीन वर्षं तुम्ही जगवलंत."

त्यांनी एक बाटली उचलली, उलटीसुलटी करून बघितली, परत ठेवली.

"म्हणजे ही दिली असती तर," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. त्यापेक्षा क्रूर शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही. खोटं बोललो असतो तर त्या माउलीला मिसचा राग करत उरलेले दिवस काढता आले असते. पण खोट्यानं त्या घरातलं एक माणूस आधीच नेलं होतं, म्हणून मी खरं सांगितलं. त्या स्टुलावर दुपारभर बसून राहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीतही मी शटर ओढलं नाही.

हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. तुमच्यासमोर कुणी चमत्कार करून दाखवला तर तो कसा केला ते लगेच कळलंच पाहिजे असं नाही. मला कळलं नव्हतं, चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असलेल्याला कळलं नव्हतं. ते नंतर सावकाश शोधा. पण त्यासाठी औषध बंद करायला सांगितलं, की तिथंच उठा, आणि आधी आजारी माणसाला घेऊन डॉक्टरकडे जा. वाद त्याच्या उशाशी बसून घाला, तो जिवंत असताना.